न फिरवता आलेली रेघ

स्टेशनरीच्या दुकानात पेन घेणारी माणसं कागदावर आपलं नाव लिहून बघतात. काल खटक्याची, आत बारीक शिसं घालायची पेन्सिल निवडणाऱ्या एका मुलीने मात्र पट्टी मागून रेघ ओढली. आर्किटेक्चरला असणार. माझी सगळी नोकरी नकाशे काढण्यात गेलेली, त्यामुळे राहवलं नाही. म्हटलं, "पॉइंट फाइव्ह शिशाची घे. टोकाची नळी लांब बघ, म्हणजे पट्टीला नीट टेकते." आणि दाखवायला स्वतःच एक रेघ ओढली.

"काका, तुम्ही पेन्सिल फिरवता का हो?"

फिरवत होतो खरा. आमच्या वेळचं जाड शिसं एका बाजूने झिजायचं आणि रेघ पुढेपुढे जाड होत जायची. म्हणून ओढता ओढता पेन्सिल बोटांत हळूहळू फिरवायची. ते हातात बसण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. या बारीक शिशाला त्याची गरजच नाही.

तिने न फिरवता रेघ ओढली. या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी.

"बरोबर आलीय ना?"

मी त्या रेघेत खोट शोधत होतो. सापडली नाही.

"आलीय," म्हटलं, आणि खिशात हात घालून बाहेर पडलो. आत बोटं रिकामीच फिरत होती.