किल्लीवाल्याचं अर्धं वाक्य

किल्ल्या बनवणाऱ्या माणसाला बोलावं फार लागत नाही. गिऱ्हाईक जुनी किल्ली पुढे करतं, कानस चालते, काम झालं. आपला किल्लीवाला तोतरा, त्यामुळे हा धंदा त्याला मानवला होता. घरी तर तेवढेही कष्ट नव्हते. तो अडखळायचा अवकाश, बायको वाक्य पुरं करून मोकळी. भाजीत मीठ जास्त पडल्याची तक्रारसुद्धा त्याच्या वतीनं तीच करायची, स्वतःकडे.

अशा माणसाला स्टेजवर विनोद सांगायची दुर्बुद्धी सुचली. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये अपंग मंडळी स्वतःवर हसायला जमली होती. पडद्याआड किल्लीवाला आपली पाळी यायची वाट बघत होता. तोतरेपणाची भीती जुनीच, तिच्याशी त्याची ओळख होती. आजची भीती तिसऱ्या रांगेत बसली होती, ठेवणीतले कपडे घालून. विनोद बायकोवर होता आणि तिनं तो ऐकलेलाच नव्हता. घरी तालीम कशी करणार? तिनं मध्येच पुरा केला असता.

बाहेर आंधळी निवेदिका सांगत होती, "मोठ्यानं हसा. नुसते दात दाखवून मला काय कळणार? आणि इथं कुणाची खुर्ची न विचारता ढकलायची नाही, कुणाचं वाक्य पुरं करायचं नाही."

चाकाच्या खुर्चीतल्या मास्तरीणबाईंनी आपला विनोद संपवताना बजावलं, "उभं राहून टाळ्या वाजवू नका बरं का. टोमणा वाटतो." हॉल खदखदला. मग किल्लीवाल्याला पुकारलं.

त्यानं माइक धरला.

"ल-लग्नाच्या बोलणीला गेलो. सा-सासऱ्यांनी विचारलं, मुलगी क-कशी वाटली? मी म्हटलं, म-म-म..."

इथं तो खरोखरच अडकला.

"मला पसंत आहे," तिसऱ्या रांगेतून आवाज आला. सवयीचाच.

"कोण ते नियम मोडतंय?" निवेदिकेनं विचारलं. बायकोनं तोंडावर हात ठेवला.

मान डोलावून खाली उतरता आलं असतं. बोलणीच्या दिवशी त्यानं मान डोलावलीच तर होती.

"ते-तेव्हाही हीच बोलली. दा-दारातून. मला म्हणायचं होतं, म-मला उ-उकडतंय."

हॉल कोसळला. त्याला मात्र काही ऐकूच येईना, कारण तिसऱ्या रांगेतलं एक तोंड हसत नव्हतं. ती उठून उभी राहिली.

"म्हणजे मी पसंत नव्हते?"

हसू जागच्या जागी विरलं. त्यानं तोंड उघडलं, पण शब्द अडकला. मागून कुणीतरी मदतीला पुढे सरसावलं, तर मास्तरीणबाईंनी "श्श" म्हणून त्याला थांबवलं. आणि जिची जीभ आजवर त्याच्या आधी धावली, ती ओठ घट्ट मिटून उभी होती. तो काय म्हणेल याचा पहिल्यांदाच तिला अंदाज नव्हता.

"हो-हो-होतीस," तो म्हणाला. "म-म्हणून तर उकडत होतं."

ती खुर्चीत बसत, पदराआड नाही, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाली,

"मग पंखा लावायला सांगायचं होतं, इतकी वर्षं काय गप्प बसलात?"