पुढच्या खोलीतला कापूस

मुलगी सहा महिन्यांची झाली आणि तिचे गाल सोलल्यासारखे लाल झाले. मला तेव्हा एकेचाळिसावं लागलं होतं. मोठा मुलगा कॉलेजात होता, आणि या वयात पुन्हा पाळणा हलला म्हणून गावात बायकांनी आधीच तोंडाला पदर लावून हसून घेतलं होतं. आता त्यांना सल्ले द्यायचीही सोय झाली.

आमचं गाव पुलगावपासून अर्ध्या तासावर. शेती नवऱ्याकडे, आणि गल्लीच्या तोंडाशी माझं शिवणाचं दुकान. दुकानात दिवसाला दहा बायका येतात, त्यामुळे मला दिवसाला दहा औषधं कळत. एकीनं कडुलिंबाचा पाला उकळून आंघोळ सांगितली, दुसरीनं बेसन आणि हळद, तिसरीनं करडीचं तेल. चौथीनं हे गजकर्ण आहे असं छातीठोक सांगून औषधाच्या दुकानातून मलमाची ट्यूब आणून दिली. मी सगळं केलं. कडुलिंबानं चामडी आणखी कोरडी पडली, हळदीनं मुलगी किंचाळली, आणि त्या ट्यूबनं आठ दिवस गाल छान राहून नवव्या दिवशी दुपटीनं फुलले. तेव्हा मी वर्ध्याच्या त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. आधीच जायला हवं होतं.

त्यांनी पाहिल्या पाहिल्या सांगितलं की हा एक्झिमा आहे. तो जन्माचा बरा होईल असं काही औषध नाही, पण सांभाळता येतो, आणि बरीच मुलं मोठी होताना त्यातून सुटतात. मला हे बोलणं आवडलं. सांभाळायचं म्हणजे काय करायचं ते सांगा, मी म्हणाले, आणि त्यांनी सांगितलं. कोमट पाण्यानं आंघोळ, पाच मिनिटांच्या वर नाही. टॉवेलनं घासायचं नाही, नुसतं टिपायचं. अंग ओलसर असतानाच जाड मलम सगळीकडे चोपडायचं, दिवसातून दोनदा, खाज असो वा नसो. औषधाचं मलम फक्त लाल झालेल्या जागी, आणि त्यांनी सांगितले तेवढेच दिवस. नखं कापलेली. कपडे सुती, सैल.

शेवटची गोष्ट माझ्या हातातली होती. मी मऊ मलमल आणून फ्रॉक शिवले आणि शिलाई आतून न ठेवता बाहेरून ठेवली, म्हणजे तिच्या काखेत आणि मानेवर काही घासणार नाही. लांबून पाहिलं तर फ्रॉक उलटा घातल्यासारखा दिसे.

"काऊन वं, टेलर असून पोरीले उलटा फराक घातला?" समोरची शेजारीण म्हणाली.

"घातला सुलटाच. शिवला उलटा."

"मंग माह्या बिलाऊजाकडे नीट ध्यान देजो बाई. लग्नात घालाचा हाय."

त्या पद्धतीनं मुलगी सुधारली. उन्हाळ्यात घामानं मानेखाली थोडं फुले, पावसाळाभर ती छान असे. पण दरवर्षी दिवाळी झाली की कोपरांच्या आतल्या घड्या आणि गुडघ्यांच्या मागचा भाग लाल व्हायचा, चिरायचा, त्यातून पाणी यायचं. ती झोपेत इतकी खाजवायची की सकाळी पांघरुणावर रक्ताचे ठिपके असत. मी तिचे हात धरून झोपायचे, म्हणजे झोपायचे नाही. सगळे म्हणत, थंडीनं होतं. डॉक्टरीणबाईही म्हणाल्या, कोरड्या हवेनं वाढतं. मी मलम दोनदाच्या जागी चारदा केलं.

मापं लिहायच्या वहीत मागच्या पानांपासून मी तिचं लिहायला लागले: काय खाल्लं, कशानं आंघोळ केली, कुठं लाल झालं. वांगं बंद करून पाहिलं, शेंगदाणे बंद करून पाहिले, दूध बंद केलं तर सासूनं माझ्याशी बोलणं बंद केलं. काही फरक पडला नाही. दूध पुन्हा सुरू झालं, सासूही.

तिसऱ्या हिवाळ्यात डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला समोर बसवून नीट चौकशी केली. घरात कुत्रं, मांजर आहे का. नाही. गालिचा, लोकरीचं काही. नाही. पिसांच्या उशा.

"आमच्याकडे सारं सुती हाय मॅडम," नवरा म्हणाला. "गादी बी घरच्या कापसाची."

हे तो अभिमानानं म्हणाला आणि मीही शेजारी बसून मान हलवली.

त्याच मार्गशीर्षात माझ्या धाकट्या बहिणीनं बोरगाव मेघेला घर बांधलं आणि वास्तूसाठी मी मुलीला घेऊन आठ दिवस गेले. थंडी तिथंही तीच. बहीण लाड करणारी, तिनं मुलीला वांगं, शेंगदाणे, बाजारचा केक, सगळं चारलं. मी मनात म्हणाले, आता परत नेताना हिची हालत पाहण्यासारखी असेल. पाचव्या दिवशी आंघोळ घालताना पाहिलं तर कोपरं कोरडी होती. सातव्या दिवशी लाली गेलेली.

"तुह्या घरीच काही तरी हाय," बहीण म्हणाली.

"माह्या घरी काय राहीन? तुह्याहून साफ हाय माहं घर."

"मी घाण हाय म्हटलं काय? काही तरी हाय, एवढंच म्हटलं."

मी रागावूनच एसटीत बसले. घरी पोचलो तेव्हा चार वाजले होते. मुलगी माझा हात सोडून पळाली, पुढच्या खोलीच्या उंबऱ्यावरून उडी मारली आणि कापसाच्या ढिगात गळ्यापर्यंत गेली. आजी वर उभी राहून कापूस पायानं दाबत होती. दोघी हसत होत्या. खिडकीतून ऊन येत होतं आणि त्या उन्हात धूळ इतकी दाट होती की हातानं बाजूला सारावी.

मी पिशवी हातात घेऊन दारातच उभी राहिले. आमच्याकडे वेचणी सुरू झाली की पुढची खोली रिकामी करतात. पलंग मागं जातो, देव मागं जातात, आणि कापूस येतो. भाव चढेपर्यंत तो तिथंच असतो, वाढत वाढत छतापर्यंत. फाल्गुनात तापायला लागलं की जुना कापूस अंगाला खाजतो हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा आम्ही मोठी माणसंही खोबरेल लावून फिरतो. पण हिवाळ्यातला पांढराशुभ्र नवा कापूस, त्याच्यावर तर आम्ही सगळे लहानपणी लोळलो. डॉक्टरीणबाईंनी घरात काय काय आहे ते विचारलं, तेव्हा कापूस सांगावा असं आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. घराला भिंती आहेत हे कोण सांगतं.

दुसऱ्या दिवशी मान लाल झाली. तिसऱ्या दिवशी कोपरांतून पाणी. मी वर्ध्याला फोन लावला.

"घरात किती कापूस आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"खोलीभर."

"आणि ती झोपते कुठं?"

"मागच्या खोलीत. मधे दार नाही, पडदा आहे."

त्या म्हणाल्या, "मी विचारलं होतं."

"कापूस तर सगळ्यांच्याच घरी असतो, मॅडम."

त्या म्हणाल्या, कापसाचा स्वतःचा दोष असेलच असं नाही, पण त्याच्यातली धूळ, वाळलेली पत्ती, किडे, हे अशा कातडीला चालत नाहीत. पंधरा दिवस तिला त्याच्यापासून लांब ठेवा आणि पाहा.

घरात मी हे सांगितलं तेव्हा सासू लसूण सोलत होती. "माह्ये पाच लेकरं त्याच ढिगावर वाढले," ती म्हणाली. "कापसानं कधी कोणाचं काही झालं काय? लक्ष्मी हाय ते घरातली."

"आई, पोरीचे हात पाहा."

"थंडीनं हाय ते."

नवरा म्हणाला, "संक्रांत तर होऊ दे. मंग भाव चढते."

"पोरीच्या कोपराले सांग संक्रांत होऊ दे म्हणून," मी म्हणाले. पण वर्षाचं पीक एका फोनवर उचलायला लावणं मलाही पटत नव्हतं. आधी खात्री हवी. म्हणून मी कापूस हलवला नाही, मुलगी हलवली, माझ्या दुकानात. दुकान झाडून, पुसून घेतलं, कापडाचे गठ्ठे प्लास्टिकमध्ये बांधले, मशीन भिंतीला सरकवली आणि खाली धुतलेल्या चादरी अंथरल्या. घरची गादी आणली नाही. मुलीला ही सहल वाटली. दुसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की आजी नाही, आणि तिनं दुकानात असा गळा काढला की मापाला आलेली बाई परत गेली.

संध्याकाळी सासू आपली वाकळ घेऊन दारात हजर. दिवसभर ती कापूस दाबत होती, नऊवारीवर कापसाचे पुंजके चिकटलेले होते.

"आई, लुगडं बदलून आत या. वाकळ बाहेरच राहू द्या."

तिनं वाकळ पायरीवर टाकली. "म्हणजे आता ह्या वयात तू मले विटाळशी केलं."

"हातपाय धुऊन या. मग पोरीले घ्या."

गल्लीत तिनं ही गोष्ट पाच घरी सांगितली. सुनेनं कसं उंबऱ्यावर अडवलं, ते करूनही दाखवलं. पण आली ती रोज, कारण नात तिच्याशिवाय जेवत नव्हती. रोज लुगडं बदलून यायला तिच्याकडे तेवढी लुगडी नव्हती, म्हणून मी उरलेल्या सुती कापडाचे दोन गाऊन तिला शिवून दिले आणि दुकानातच खुंटीला टांगले. तिनं आयुष्यात गाऊन घातला नव्हता. पडदा लावून घालायची, आणि कुणी गिऱ्हाईक आलं की मशीनच्या मागं जाऊन बसायची.

"कोणाले सांगजो नको," ती मला म्हणायची.

मलम लावायचं काम तिनं आपणहून घेतलं. हात लावायची सवय होती, आयुष्यभर तिनं गुरांना आणि लेकरांना तेल लावलेलं. मी फक्त घासू नका, टिपा, असं दोन वेळा सांगितलं.

बाराव्या दिवशी सकाळी आंघोळ झाल्यावर तिनं मुलीला दाराशी उजेडात उभं केलं. एक हात सरळ करून पाहिला, मग दुसरा. पाठमोरी करून गुडघ्यांच्या मागं पाहिलं, बोट फिरवून पाहिलं. चामडी जराशी काळपट होती, पण कोरडी आणि अखंड. मी मशीनपाशी बटणं लावत होते. ती उठली आणि गल्लीत उतरली. गाऊनवर. समोरची शेजारीण अंगण झाडत होती, ती झाडू धरून उभी राहिली. सासू भर उजेडात, गुलाबी फुलांच्या गाऊनवर, पूर्ण गल्ली चालत घरापर्यंत गेली. मी मुलीला कडेवर घेऊन मागं धावले.

नवरा चहा पीत होता. "गाडी सांग," ती म्हणाली.

"कायची गाडी?"

"कापसाची. आजच ने."

"आई, भाव..."

"भाव मले नको सांगू. माह्या डोयानं पाहून आली मी." मग तिला आपण काय घालून उभे आहोत ते आठवलं आणि ती मागच्या खोलीत गेली.

दुपारी गाडी लागली आणि कापूस आहे त्या भावानं गेला. गोष्टींमध्ये असं झालं की नंतर भाव पडतो आणि सगळ्यांना बरं वाटतं. आमचा संक्रांतीनंतर चढला. नवरा पेपरात भाव वाचून तो बाजूला ठेवायचा.

खोली आम्ही दोन दिवस झाडली, भिंती ओल्या फडक्यानं पुसल्या, गाद्या उन्हात टाकल्या, शेणामातीचा ओटा सारवला. पलंग पुढं आला, देव पुढं आले. पहिल्या सकाळी मी जागी झाले तेव्हा ऊन कौलांवर आलेलं होतं आणि दूधवाला हाका मारून निघून गेला होता. मुलगी आजीच्या कुशीत तोंड उघडं टाकून झोपली होती, दोन्ही हात उघडे, पांघरूण स्वच्छ. मी उठून भांडी घासायला घेतली.

पुढच्या वर्षी नवऱ्यानं शेतावर पक्क्या टिनाचं शेड टाकलं. चोराची भीती म्हणून तो आणि मोठा मुलगा आळीपाळीनं राखणीला जातात. शेतावरून आले की बाहेरच्या नळावर अंग धुतात आणि दोरीवरचे धुतलेले कपडे घालून आत येतात. आधी कुरकूर झाली, आता कुणाला सांगावं लागत नाही. एक्झिमा गेलेला नाही. चैत्रात घामानं मान फुलते, कुणाच्या लग्नात जरीचं काही घातलं की रात्रीपर्यंत चट्टे येतात, आणि मग दोन-चार दिवस औषधाचं मलम. पण हिवाळा आता तिला साधा जातो.

तिला पहिली लागली आहे. वर्गातल्या सगळ्या पोरांच्या घरी पुढच्या खोलीत कापूस आहे, ते शाळेतून आले की उड्या मारतात, फक्त आपल्याच घरी पलंग आहे, ही तिची रोजची तक्रार. आपण गरीब झालो का, असंही तिनं परवा आजीला विचारलं. मलम लावून घेताना ती हे बोलते, एक पाय माझ्या मांडीवर, दुसरा आजीच्या, आणि आम्ही दोघी ऐकत लावत राहतो.