आला, आला, नवसूचा रावण

डोळखांबजवळच्या एका पाड्यावर आज बोहाडा, मुखवटे चढवून देवादिकांची सोंगं नाचवायची रात्र. दारात नवसू रावणाच्या मुखवट्यावर रंगाचा शेवटचा हात फिरवत होता आणि ओटीवर त्याचा मुलगा सुदाम लॅपटॉपपुढे दातओठ खात बसला होता.

सुदाम पुण्याच्या एका कंपनीसाठी घरून कंपायलरवर काम करतो. लिहिलेला प्रोग्राम तपासून यंत्राला कळेल असा करून देणारा तो कंपायलर. त्यात एक सोय आणायला सुदामने अख्खा पावसाळा घालवला होता: बाप-क्लासकडून, म्हणजे मूळ साच्याकडून, आलेलं काम त्यावरून घडलेल्या मुलगा-क्लासने वापरलं, तर शेवटी हाती मुलगाच यावा. चाचणीला त्याने घरचीच पात्रं घेतली. ‘सोंग’ हा बाप, ‘रावण’ त्याचा मुलगा. ‘सजव’ हे बापाचं काम, ‘तलवार फिरव’ फक्त रावणाचं. पण रावणाला सजवून तलवार फिरवायला सांगितली की कंपायलर ठणकावायचा, सोंगाला तलवार येत नाही!

"अरे, आत रावणच गेलेला ना!" सुदाम स्क्रीनवर खेकसला.

कल्याणहून सहकारी दिपेशचा फोन आला. "संध्याकाळपर्यंत नाय जमलं तर तुझं काम ह्या वर्जनमधून काढावं लागेल, सांगून ठेवतो."

तेवढ्यात संबळवाला धर्मा डोकावला. "काय रे पोरा, नवसूचा रावण झाला का तयार?"

नाचणारा सुदाम, नाव मात्र बापाचं; जुन्या नाटक मंडळ्यांतही बदली नट जीव ओतायचा आणि टाळ्या पडायच्या फलकावरच्या नावाला. सुदाम उसळलाच.

"धर्माकाका, बाबाचे गुडघे गेले तवापासून मी नाचतोय! तुमी आदीच नाव कशाला ठरवून ठेवता? बाहेर कोण येतो ते बघा, मग नाव घ्या!"

"बरं बाबा, वरडतो कशाला?"

सुदाम मात्र बोलता बोलता स्क्रीनकडे वळला होता. त्याचा कंपायलरही तेच करत होता. बापाचा क्लास वाचतानाच, काम झाल्यावर परत कोण येणार त्या जागी ‘सोंग’ लिहून मोकळा! सुदामने ती जागा रिकामी ठेवली. जो ते काम वापरेल, त्याचं नाव तेव्हा भरायचं.

स्क्रीनवरच्या रावणाने तलवार फिरवली. दिवेलागणीला दिपेशचा निरोप आला, "घेतलं रे."

मग संबळ घुमला. मुखवटा चढवून सुदाम मशालींच्या उजेडात अवतरला. धर्माने त्याला पायापासून डोक्यापर्यंत नीट न्याहाळलं आणि खणखणीत पुकारलं,

"आला, आला, नवसूचा रावण!"

"काका," मुखवट्याआडून रावण कळवळला, "कंपायलर सुदारला, तुमी कदी सुदारणार?"