दारातल्या वहीतली सही

डांबराच्या गोळ्यांचा वास आला की मला विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा वरचा मजला आठवतो. अकरावीत असताना प्राचार्यांच्या पत्रावर मला आणि माझ्या मैत्रिणीला तिथे बसून वाचायची परवानगी मिळाली होती. तिला घरून एवढ्याच कारणासाठी एकटं सोडत. म्हणून दर शनिवारी दारातल्या वहीत तिची सही मी करायचे आणि ती वर्गातल्या एका मुलाबरोबर सोमेश्वरच्या धबधब्यावर जायची. एका शनिवारी साडेतीनला तिचे काका सातपूरच्या कारखान्यातून कंपनीच्या कपड्यांतच आले. वहीतली सही बघून माझ्याजवळ येत हळू आवाजात म्हणाले, "तिला बोलाव ना बाळा, घरी जरा काम आहे." मला वाटलं, घरी कळलं. "वर पुस्तक शोधतेय, बोलावते," म्हणत मी वर गेले आणि उंच कपाटांच्या मधे त्या वासात नुसती उभी राहिले. खाली येऊन म्हटलं, "येतेच आहे, काका." ते बाकावर बसून राहिले. असं मी तीनदा वर गेले. पाचला ती बाहेरून हसत आली. काकांनी उठून तिला मागे बसवलं आणि स्कूटर चालू केली. दुपारी कारखान्यात मशीनवर अपघात होऊन तिचे वडील साडेचारला गेले, शुद्ध होती तोवर तिलाच हाका मारत होते, हे मला दुसऱ्या दिवशी तिच्या दारात कळलं. आज मी त्या काकांच्या वयाची आहे. अकरावीतल्या पोरीला मीही खरं कारण सांगितलं नसतं. पण सोमेश्वर तिथून रिक्षाने दहा मिनिटांवर होतं.