केळीच्या पानात बांधलेलं औषध

आमच्या घरात औषध विकत आणायची पद्धत नव्हती. ताप आला की तुळशीचा काढा, पोट दुखलं की ओवा, जखम झाली की हळद, आणि ह्यातल्या कशानंच उतार पडला नाही तर माय म्हणायची, "निजून राह्य, होते बरं." वलगावजवळ दुसऱ्याचं दीड एकर मक्त्यानं घेऊन बाबा शेवंती, झेंडू अन् गुलछडी लावायचे. विहिरीला पाणी असलं तर फुलं, नसलं तर मजुरी. माझी मोठी बहीण शेवंता चौथीतून घरी बसली ती माझ्यामुळे. मी नुकती जन्मले होते, मायला फुलं तोडायला जायचं होतं, आणि मला सांभाळायला कुणीतरी हवं होतं. आम्ही थोरल्या बहिणीला बाई म्हणतो. पुढे बाईला अमरावतीच्या फूलबाजारातल्या हारवाल्याच्या घरात दिलं, आणि त्याच बाजारात बसून तिनं आयुष्यभर हार गुंफले.

बाई गेली त्याला आता सात आठवडे झाले. काविळीचं निमित्त झालं. मी अकोल्याहून बसनं दवाखान्यात पोचले तेव्हा तिचे हात झेंडूसारखे पिवळे झाले होते, आणि तेही तीच मला दाखवत होती, "पाह्य वो, धुतले तरी जात नाई." थोडा वेळ डोळे मिटून पडली. मग म्हणाली, "गोळी घेतली काय?" मी म्हटलं, घेतली. "पाकीट दाखव." मी पर्समधून पाकीट काढलं. रिकाम्या झालेल्या खळग्यांवरून तिनं अंगठा फिरवला, वार मोजले, आणि मान हलवली. रात्रीच्या बसनं मी अकोल्याला परतले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात शिकवत असताना भाऊजींचा फोन आला. वर्गाच्या वेळी ते कधी फोन करत नसत... मलाच कळलं.

ती गोळी काय, ते सांगायला हवं. नववीत असताना शाळेच्या प्रार्थनेत मी उभी होते ती एकदम खाली पडले. मिरगी. घरात ह्या शब्दाची एवढी दहशत की मायनं तो कधी तोंडातून काढला नाही. झटका आला की कुणी नाकाशी कांदा धरायचं, कुणी चप्पल. गावात ज्यानं जे सांगितलं ते आमच्याकडे करून झालं. बाईच्या लग्नाला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. हार घ्यायला आलेल्या कुण्या गिऱ्हाइकानं तिला सांगितलं की अकोल्याला ह्या दुखण्याचा डॉक्टर बसतो. ती सरळ वलगावला आली आणि मायला म्हणाली, "कांदे हुंगून कोनी बरं झालं काय आजपरेंत? मी घेऊन चालली हिले." अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज दोन गोळ्या, वर्षानुवर्षं. एकही चुकवायची नाही, आणि मध्येच कंपनी बदलायची नाही. बाईनं विचारलं, "अन् चुकली तं?" डॉक्टर म्हणाले, "तर पुन्हा पहिल्यापासून." चौथी शिकलेल्या माझ्या बहिणीनं ते वाक्य जसंच्या तसं धरून ठेवलं. त्यानंतर दहा वर्षं मला एकही झटका आला नाही. मी दहावी झाले, बारावी झाले, अकोल्याला राहून शेतकीची पदवी घेतली, मग मातीच्या विषयात पुढची. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मिरवून सांगते, आणि कुणाला ते आवडलं नाही तर माझा नाइलाज आहे.

ती वर्षं आमच्या भागात वाईट होती. कपाशीनं खेडीच्या खेडी बसवली होती. पेपरात रोज आत्महत्यांचे आकडे यायचे, पण बाईला पेपर वाचायची गरज नव्हती. तिला हारांवरून कळायचं. लग्नाचे हार घटले आणि मयतीचे वाढले. तरण्या माणसासाठी हार न्यायला त्याचाच भाऊ नाहीतर मेव्हणा आला की ती ओळखायची, आणि त्या दिवशी दुपारी जेवायची नाही. अशा वर्षात मला ऑस्ट्रेलियात संशोधन करायची शिष्यवृत्ती मिळाली. विषय काळ्या मातीचा, मुदत चार वर्षं. अर्जात एक रकाना होता... काही दीर्घ आजार आहे का? मी 'नाही' लिहिलं. दोन गोळ्या घेते आणि धडधाकट फिरते, मग आजार कुठला, असं मी मलाच समजावलं. बाईला हे सांगितलं नाही. सहा महिन्यांच्या गोळ्या बॅगेत भरून मी गेले. सहा महिन्यांनी काय, हा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता.

बाईच्या दुकानाशेजारी हनीफभाईंचं अत्तर-अगरबत्तीचं दुकान होतं. त्यांच्याकडे फोन होता. मी रविवारी तिथं फोन करायची आणि हनीफभाई बाजाराला ऐकू जाईल अशी हाक मारायचे, "शेवंताबहन, आस्ट्रेलिया आया!" गोळ्या संपत आल्या तसं मी बाईला म्हटलं, तिकडून पाठव, इथं ही कंपनी मिळत नाही. "पाठवतो ना. त्याच्यात काय हाये?" तिनं गोळ्या विकत घेतल्या आणि पाकिटावर काय छापलंय ते दुकानदाराकडून वाचून घेतलं. त्यावर होतं, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. तिनं त्यातलं 'थंड' तेवढं ऐकलं. मे महिना होता, अमरावतीत डांबर वितळत होतं. उन्हाळ्यात माल थंड ठेवून लांब कसा पाठवायचा, हे बाईइतकं कुणाला ठाऊक होतं? तिच्या हातचा गजरा दोन दिवसांनी नागपुरात उतरला तरी ताजा असायचा. तिनं गोळ्यांची पाकिटं ओल्या सुती फडक्यात गुंडाळली, वरून केळीची पानं लावली, पानांवर ओलं गोणपाट, आणि सगळं सुतळीनं आवळून खोक्यात भरलं. जोडीला जीवनसत्त्वाच्या गोळ्या, शतावरी, आणि मायनं दिलेली वाळलेल्या आवळ्याची पुरचुंडी. पेपरात गुंडाळून, वर माझं नाव हनीफभाईंकडून लिहून घेऊन, ती पोस्टात टाकून आली आणि त्या रविवारी मला म्हणाली, "असं थंडगार बांधलं हाये, पाह्यतच राह्यशीन."

ऑस्ट्रेलियात तेव्हा हिवाळा लागला होता.

मला पार्सल आलं नाही, सरकारी कागद आला. ऑस्ट्रेलियात बाहेरची वनस्पती, पान, बी, काहीच आत येऊ देत नाहीत. कागदावर लिहिलं होतं की ओली पानं, वाळवलेलं फळ आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय औषधं आढळली. सगळं नष्ट करण्यात येत आहे. सोबत खोक्याचा फोटो होता. कुजून काळी झालेली पानं, त्यात बुरशी लागलेली पाकिटं. मी तो फोटो घेऊन खोलीत बसले, आधी हसले, मग रडले. माझ्याकडे अकरा गोळ्या उरल्या होत्या. दोनाची एक केली, मग एकीची अर्धी. बाईला खरं सांगायचा धीर झाला नाही, पोचलं म्हणाले. आणि बाराव्या दिवशी प्रयोगशाळेत, मातीचे नमुने चाळताना, मी पडले.

शुद्ध आली तेव्हा माझ्या संशोधनाच्या मार्गदर्शक प्राध्यापिका जमिनीवर माझ्या शेजारी बसलेल्या होत्या. त्या रागावल्या नाहीत, पण अर्जातली खोटी ओळ आता लपणार नव्हती. शिष्यवृत्तीवाल्यांनी सहा आठवडे दिले. आजार औषधानं आटोक्यात राहतो असं पहिल्यापासून उपचार करणाऱ्या डॉक्टरचं पत्र द्या, नाहीतर परत जा. तिथल्या डॉक्टरांनी दीड महिना पुरतील अशी औषधं दिली, आणि म्हणाले, दहा वर्षं ज्या गोळीनं तुला सांभाळलं तीच चालू ठेवणं बरं. पत्रासोबत तीन-तीन महिन्यांची मागवलीस तर कायद्यानं चालतं.

त्या रविवारी मला फोनवर बाईला सगळं सांगावं लागलं.

"काहून लपवलं वो?"

"शिष्यवृत्ती गेली असती तर?"

"अन् तुले काही झालं असतं तं? ते शिष्यवृत्तीवाले येनार होते काय तुह्या तोंडात पानी टाकाले?" मग आवाज उतरला. "मिरगी काय चोरी हाये?... अन् मले काहून नाई सांगितलं, का तो माल सडला म्हनून? मी तं साऱ्या बाजाराले सांगून राह्यली, पार्सल पोचलं."

मागून हनीफभाई ओरडले, "अरी बहन, दवाई थी, गजरा नहीं! पाणी कायले मारलं?" त्यांचा मुलगा आखातात होता, त्यांना पार्सलातलं कळायचं. बाई त्यांच्यावर उखडली, "तुमी शेजारीच बसले होते ना? तवा तोंडात काय अगरबत्ती होती?"

पुढचं मला नंतर भाऊजींनी सांगितलं, कारण बाईनं कधी सांगितलं नाही. ती अकोल्याला गेली तर डॉक्टर गावी नव्हते. दुसऱ्यांदा गेली तर कंपाउंडर म्हणाला, जुनी फाइल आणा. फाइल वलगावला मायच्या पेटीत, लुगड्यांच्या खाली. तिसऱ्यांदा फाइल घेऊन गेली ती हारांची पाटी डोक्यावर घेऊनच, कारण परतताना मूर्तिजापूरला एका लग्नात माल द्यायचा होता. डॉक्टरांनी इंग्रजीत पत्र लिहिलं. ही उठेना. "काय लिवलं ते मराठीत सांगा, सायेब. मले पाठवाचं हाये, मले ठाऊक पाह्यजे." त्यांनी वाचून दाखवलं. दहा वर्षांत औषध नियमित असताना एकही झटका नाही, ह्या वाक्याशी तिनं त्यांना थांबवलं आणि म्हणाली, "हे पुन्हा एकदा वाचा."

गोळ्या मूळ डब्यात, डब्यासोबत बिल, बिलासोबत पत्र, आणि फॉर्म. फॉर्म इंग्रजीत भरायचा. हनीफभाई म्हणाले, मी लिहून देतो. बाई म्हणाली, "दर तीन महिन्यानं तुमच्या तोंडाकडं पाहू काय?" त्यांच्या अगरबत्तीच्या खोक्यांवरची इंग्रजी अक्षरं पाहून, गिऱ्हाईक नसताना, ती पाटीवर खडूनं गिरवू लागली. पहिल्या दिवशी पोस्टातला कारकून तिच्या हातातली हारांची टोपली पाहून म्हणाला, "ऑस्ट्रेलियात लगन हाये काय बाई?" ती म्हणाली, "लगन नाई, परीक्षा हाये. लवकर शिक्का मारा." ते पार्सल पाचव्या आठवड्यात आलं. कोरडं खडखडीत. एक पान नाही, आवळा नाही. गोळ्या, बिल, पत्र, आणि हनीफभाईंना दहादा विचारून घातलेली जीवनसत्त्वांची एक सीलबंद बाटली. मी पत्र नेऊन दिलं. मला ठेवून घेतलं.

त्यानंतर दर तीन महिन्यांनी डबा आला. माझ्या ताकदीवर बाईचा विश्वास नव्हता, म्हणून दर वेळी काहीतरी सीलबंद जास्तीचं असायचं. कधी कॅल्शियम, कधी लोह, एकदा तर म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांच्या गोळ्या. विचारलं तर म्हणाली, "दुकानवाला म्हने, परदेशात समदे घेतात." मी त्या घेतल्या नाहीत, आणि घेतल्या म्हणून सांगितलं. तेवढं एक खोटं मी तिच्याशी शेवटपर्यंत बोलले.

मी परत आले तोवर बाई बाजारात त्या कामासाठीच ओळखली जाऊ लागली होती. हनीफभाईंच्या मोहल्ल्यातल्या बाया, अंजनगावहून आलेला एक म्हातारा, ज्याचं कुणी बाहेर होतं तो औषधांची पिशवी घेऊन तिच्या हारांसमोर बसायचा. ती आधी दरडावायची, "डाक्टरची चिठ्ठी कुठी हाये? जा, आन." कुणी घरचं लोणचं मध्ये घालायला बघितलं तर हातावर चापट मारायची. तिला शिकवायला कुणी आलं नव्हतं. चुकून शिकली होती, आणि आपली ती चूक ती सगळ्यांना हसून सांगायची. मी मात्र पदवीधर असून माझी चूक सांगायला मला इतकी वर्षं लागली... आज इथं लिहिते आहे.

तेरवी झाल्यावर भाऊजी मला दुकानात घेऊन गेले. बाईच्या बसायच्या पाटाखाली बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. मला वाटलं सुया-दोरे असतील. आत पोस्टाच्या पावत्या होत्या, हाराच्या दोऱ्यानं बांधलेल्या. पहिल्या पावतीवरची अक्षरं मोठी, एकमेकांना धक्के देणारी. शेवटच्या पावतीवर सरळ, बारीक, एका ओळीत. आत काय आहे, त्या रकान्यात प्रत्येक पावतीवर तिनं इंग्रजीत एकच लिहिलं होतं, माझ्या बहिणीचं औषध. मी त्या पाटावर बसून चौदाच्या चौदा पावत्या वाचल्या. त्या चार वर्षांत मला एकच झटका आला, नंतर आजवर एकही नाही. मी पीएच.डी. पूर्ण केली, आणि अकोल्याला काळी माती शिकवते.