मोजल्याशिवाय सही नाही

बेबी आमच्या खालच्या मजल्यावर राहायची. वय चौतीस. चौतीस वर्षांच्या बाईला बेबी म्हणणं कुणालाच खटकत नसे, कारण तिच्या प्रमाणपत्रावर ‘सौम्य बौद्धिक अक्षमता’ असं लिहिलेलं होतं. त्यावर तिला आणि सोबतच्या माणसाला बसचं तिकीट अर्धं पडे, म्हणून ते कायम तिच्या दादाच्या पाकिटात असे. दादा स्वतः महिन्यातून दोनदा घराची किल्ली हरवी. त्याला मात्र प्रमाणपत्र नव्हतं.

बेबी मोठ्या इस्पितळाच्या लाँड्रीत सोळा वर्षं काम करत होती. वॉर्डातून चादरींचा गठ्ठा आला की तो उघडायचा, मोजायचा, चिठ्ठीवरच्या आकड्याशी ताडायचा आणि मगच सही करायची. तिथल्याच लिफ्टमनवर तिचा जीव जडला. तो फार सावकाश बोलतो. वाक्य तिसऱ्या मजल्यावर सुरू झालं तर पाचव्यावर संपतं. दोघांनी लग्न ठरवलं आणि घरी सांगितलं.

घरी चार दिवस खलबतं चालली. काका आले, मामा आले, वहिनीचे वडीलही आले. बेबीलाही आत बोलावलं जाई, चहाचे कप उचलायला. शेवटी ठरलं की लग्न होऊ द्यावं, पण त्याआधी बेबीचं मुलं बंद करण्याचं ऑपरेशन उरकून घ्यावं. तिला अपेंडिक्सचं म्हणून सांगावं. उगाच डोक्याला ताप नको, असं काका म्हणाले. कुणाच्या डोक्याला, ते त्यांनी सांगितलं नाही.

वहिनीने मला जिन्यात गाठलं. “आजी, ऑपरेशनच्या कागदावर साक्षीदार म्हणून तुमची सही हवी. तुमचं अक्षर कसं मोत्यासारखं!”

“बेबीला माहीत आहे का?”

“तिला काय कळतंय त्यातलं?”

मला आमची शाळा आठवली. कॉन्व्हेंटमध्ये प्रजननाचा धडा सिस्टर टाचणी लावून बंद ठेवत. माझं ज्ञान परागकणांपाशी थांबलं आणि तेवढ्या भांडवलावर मी एकविसाव्या वर्षी संसार मांडला. पुढचं सगळं मला दुसऱ्या बाळंतपणानंतर एका नर्सने समजावलं. तोवर मला कुणी मंदबुद्धी म्हटलं नव्हतं. सुशिक्षित म्हणत.

म्हणून इस्पितळात जाऊन स्पष्ट बोलायचं, असं ठरवून मी दादा, वहिनी आणि बेबीबरोबर गेले. पण मोठ्या डॉक्टरांपुढे बसल्यावर मी आधी त्यांना नमस्कार केला आणि मग पदर सारखा करत बसले.

डॉक्टरांनी दादाला विचारलं, “झोप नीट लागते का हिला?”

“लागते,” बेबी म्हणाली.

डॉक्टर दादाकडेच बघत राहिले. “लागते,” दादा म्हणाला. मग त्यांनी ते लिहून घेतलं.

“पाळी नियमित?”

दादा वहिनीकडे बघू लागला. “म्हणजे... असेलच की.”

“अठ्ठावीस दिवसांनी,” बेबी म्हणाली. हे लिहावं की नाही, असा डॉक्टरांना प्रश्न पडलेला दिसला.

मग दादाने घडी घातलेला कागद तिच्यापुढे सरकवला. “शहाणी माझी बेबी. इथे सही कर बघू.”

“उघड.”

“अगं, अपेंडिक्सचं आहे. डॉक्टरांना घाई आहे.”

“पहिल्या वर्षी मी गठ्ठा न उघडता सही केली होती. चिठ्ठीवर वीस, आत सतरा. तीन चादरी दिवसभर मलाच शोधायला लागल्या. आता मी मोजल्याशिवाय सही करत नाही. आजी, तुम्ही वाचा.”

मी वाचलं. अपेंडिक्स कुठेच नव्हतं. ‘या शस्त्रक्रियेनंतर मला मूल होणार नाही, हे मला समजावून सांगण्यात आले आहे’ हे वाक्य होतं.

“कुणी सांगितलं?” बेबीने विचारलं.

दादा कागदाची परत घडी घालू लागला. डॉक्टर दादाला म्हणाले, “पण मूल सांभाळणं हिला झेपेल का?”

“वहिनीची तिन्ही मीच सांभाळली,” बेबी म्हणाली. वहिनीला एकदम ठसका लागला.

कोपऱ्यातली नर्स पुढे आली. कपाटातून एक डबा काढून तिने टेबलावर सगळं मांडलं: गोळ्या, तांबी, इंजेक्शन, कंडोम. बेबी एकेक वस्तू हातात घेई आणि विचारी, “हे नंतर बंद करता येतं?” ऑपरेशनचं विचारल्यावर नर्सने नकारार्थी मान हलवली. “ते परत उघडून मिळत नाही, बाई.”

“आणि हे कुणी वापरायचं?” कंडोमचं पाकीट उचलून बेबीने विचारलं.

“नवऱ्याने.”

“मग त्याला बोलवा.”

लिफ्टमन आला. टेबलाकडे बघून म्हणाला, “हे सगळं... लिफ्टमधल्या तक्त्यावर आहे. नऊ वर्षं... तेच वाचतोय. दुसरं काही लावतच नाहीत.” डॉक्टरही त्याच लिफ्टने जातात, पण ते दाराकडे तोंड करून उभे राहतात.

दादा उठला. “ऑपरेशन नाही, तर लग्नही नाही. सांगून ठेवतो.”

“लग्नाच्या नोंदणीचा फॉर्म... मी आणलाय,” लिफ्टमन म्हणाला. आम्ही सगळे थांबलो, कारण वाक्य अजून संपलं नव्हतं. “त्यात दादांच्या सहीला... जागाच नाही.”

बेबीने तांबी बाजूला काढली. “मूल हवं की नको, ते आमचं ठरलेलं नाही. ठरेपर्यंत परत काढता येणारं द्या.” नव्या कागदाचं एकच पान होतं. तिने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि सही केली.

बाहेर आल्यावर वहिनी मागे रेंगाळली. मग हळूच म्हणाली, “बेबी, ती तांबी किती वर्षं चालते म्हणाली गं नर्स?”

“आत विचारायचं होतंस ना!”

“तुझ्या दादासमोर?”

याला दोन वर्षं झाली. बेबी आता नवऱ्याबरोबर दोन गल्ल्या पलीकडे राहते. परवा तिने तांबी काढून घेतली. नव्या डॉक्टरांनी विचारलं म्हणे, “घरचं मोठं कुणी आलंय का?”

“मी छत्तीसची आहे,” तिने सांगितलं.

का काढली, ते ती मला बोलली नाही. मीही विचारलं नाही.

आज सकाळी दादा वर आला. बराच वेळ दारात घुटमळला. “आजी, बेबी तुम्हाला काही म्हणाली का? म्हणजे, पुढे काय ठरलंय वगैरे? आम्हाला कुणी काही सांगतच नाही हो.”