म-म-मले

अकोल्याच्या प्रीतमनं गिटार गळ्यात अडकवली तेव्हा लोक म्हणाले, पोरगं वाया गेलं. मग त्याच्या ‘कोरडवाहू’ बँडचा पहिला अल्बम गाजला आणि तेच लोक ‘आमचा प्रीतम’ म्हणू लागले. लोकांचं काय! दणकेबाज गिटार, पटकन तोंडात बसणारी चाल. याला पॉवर पॉप म्हणतात हे बँडमधल्या पोरांनाही नंतर कळलं. त्यातलं ‘म-म-मले काहून’ तर अमरावतीच्या कॉलेजांपासून तेल्हाऱ्याच्या वरातींपर्यंत वाजलं.

ते ‘म-म-मले’ मात्र प्रीतमचं नव्हतंच. ते मूर्तिजापूरच्या देवमनमामांचं होतं. मामा बोलताना अडखळत. प्रीतम बारावीपर्यंत त्यांच्याच घरी वाढला. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी म्हणतात. यानं मामांच्या तोतरेपणावरच टाळ्या घेतल्या. तेव्हा त्याला ती नुसती गंमत वाटली होती.

आता दुसऱ्या अल्बमची वेळ आली. गाणी तयार होती, पण कंपनीवाले म्हणाले, “तसलंच अडखळणारं अजून एक हवं.” प्रीतम हो म्हणून बसला आणि त्याला अन्न गोड लागेना. मामा तर त्याचा फोनही घेत नव्हते. आधी त्यांची माफी मागायची, मगच पुढचं, असं ठरवून तो मूर्तिजापूरला गेला.

मामांच्या सायकल दुकानात गिऱ्हाईकानं पंक्चरचे किती म्हणून विचारलं. मामांनी बोटं दाखवली.

“पोट्टे दुकानापुढून तुहंच गानं म्हनत जाते,” भागीरथामामी म्हणाली. “तवापासून तुहे मामा बोटानंच बोलते, बाबू.”

प्रीतमला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं मामांचे पाय धरले. “चुकलं माहं, मामा. तुमी म्हनान तं दुसरा अल्बम करतच नाही.”

मामांनी हातातली ट्यूब खाली ठेवली. भाच्याला उठवून शेजारी स्टुलावर बसवलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

“म... म... मले...”

प्रीतमही रडत होता, अगदी मनापासून. पण मामांची नजर खाली वळली तशी त्याचीही वळली. त्याचं बोट स्टुलावर ठेका धरत होतं. ठेका चांगला होता, पहिल्या गाण्यापेक्षाही.

त्यानं झटकन मूठ आवळली. “बोला ना, मामा!”

मामांनी तोंड मिटून घेतलं. मले काय, ते त्यांनी पुढे कधीच सांगितलं नाही.